चुन्याची निवळी

८ ऑगस्ट २०२५, वेंगुर्ला. नारळी पौर्णिमा

संध्याकाळी बंदरावर गेले होते. पाऊस थांबून थांबून पडत होता, तरी गर्दी चांगली होती. नारळ पाण्यात गेले आणि पाठोपाठ कुणीतरी पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होडीचं इंजिन चालू करून बघितलं. काळा धूर, डिझेलचा ओळखीचा वास. माझ्या शेजारी आईचा हात धरून एक मुलगा उभा होता. त्याने विचारलं, "धूर खंय जाता गे?" आई म्हणाली, "आभाळात." मुलगा गप्प झाला.

मी घरी येईपर्यंत त्या उत्तराशीच होते. धुरातला कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. त्याचे ढोबळ चार वाटे केले तर दोन हवेतच राहतात, एक झाडं आणि माती घेतात आणि एक समुद्र घेतो. म्हणजे ज्या पाण्यात नारळ गेला त्याच पाण्यात, तिथे नाही तर दुसरीकडे कुठेतरी, या धुराचा चौथा हिस्साही जाणार. सदतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. हा चौथा हिस्सा पाण्यात जाऊन पुढे काय करतो, हे एकाही वर्गाला सांगितल्याचं आठवत नाही.

एक प्रसंग मात्र आठवतो. १९९८, आठवी ब. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचं, निवळी दुधाळ होते, म्हणून उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड आहे हे सिद्ध. निरीक्षण, अनुमान, वही बंद. एक मुलगा थांबलाच नाही. गाल फुगवून फुंकत राहिला आणि मग ओरडला, "बाई, परत पाणी झाला!" खरंच, दुधाळपणा जाऊन परीक्षानळीतलं पाणी पुन्हा नितळ दिसत होतं. मी म्हणाले, "पुरे, नळी ठेव, पुढच्याला दे." तास संपत आला होता. अजून सोळा मुलं रांगेत होती.

ते मला आज टोचलं.

११ ऑगस्ट

परवा पानवाल्याकडून चुना आणून बरणीत कालवून ठेवला होता. आज वरची निवळी अलगद काढून घेतली आणि तेवढंच पाणी घालून पातळ केली. काचेची नळी घरात नाही, म्हणून परसातल्या पपईच्या पानाचा देठ कापला.

दुधाळ व्हायला मिनिटही लागलं नाही. पुढे मात्र दमछाक झाली. मधे दोनदा थांबावं लागलं, डोकं हलकं झालं. पंधरा-वीस मिनिटांनी पेल्यापलीकडची खिडकीची चौकट दिसू लागली. अगदी निवळीसारखं स्वच्छ नाही, पण दूध गेलं होतं.

पहिल्या फुंकरींत निवळीतला चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पांढरं दिसतं. तीच खडू, तीच शिंपली, तेच पोवळं. आणखी वायू आत गेला की पाणी किंचित आंबट होतं, आणि ते आंबटपण त्या कार्बोनेटलाच खाऊन त्याचं बायकार्बोनेट करतं. बायकार्बोनेट विरघळतं. म्हणून परत पाणी.

मग मला आणखी एक सुचलं. ते नितळ झालेलं पाणी स्टीलच्या भांड्यात ओतून गॅसवर ठेवलं. कडेने बुडबुडे आले आणि उकळी फुटायच्या आतच पाणी पुन्हा गढुळलं. धरून ठेवलेला वायू तापल्याबरोबर निघून गेला आणि कार्बोनेट परत आलं. सोलापूरला बहिणीकडे बोअरचं पाणी तापवून तापवून गिझरमध्ये पांढरा थर धरतो, तो याच वाटेने.

एकाच पेल्यात तीन गोष्टी झाल्या: वायू घेणं, वायूने शिंपल्याचा माल खाणं, आणि तापल्यावर वायू परत देणं. मी पहिलीच्या अर्ध्यावर तास संपवत होते.

१३ ऑगस्ट

दोन दिवस वाचतेय. समुद्र म्हणजे काही चुन्याची निवळी नव्हे, पण हिशेब त्याच तिघांचा आहे: वायू, कार्बोनेट, बायकार्बोनेट. समुद्रात विरघळलेल्या कार्बनचे शंभर भाग केले तर नव्वदच्या आसपास बायकार्बोनेट असतात, नऊ-दहा कार्बोनेट, आणि साधा वायू म्हणून जेमतेम एक. साधा वायू एवढा थोडा आहे म्हणूनच समुद्राच्या पोटात इतकं मावतं: साऱ्या वातावरणात आहे त्याच्या चाळीस-पन्नास पट कार्बन.

या घेण्यामागचं भांडवल म्हणजे तो कार्बोनेट. नवा वायू आला की कार्बोनेट पुढे होतो, त्याच्याशी जुळून बायकार्बोनेट होतो आणि जागा मोकळी करतो. पण प्रत्येक वेळी भांडवलातलं थोडं खर्च होतं. १९५७ साली रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी दाखवून दिलं की समुद्र वाटतो तितका सढळ नाही. पाण्यातल्या साध्या वायूचा दाब १० टक्के वाढला तर पाण्यातला एकूण कार्बन फक्त १ टक्क्याच्या आसपास वाढतो. ही अडवणूक रेव्हेलच्या नावानेच ओळखली जाते, आणि कार्बोनेट संपत जाईल तशी ती वाढते. त्याआधी पुष्कळ जाणत्यांनाही वाटत होतं की आपण जाळलेलं सारं समुद्र मुकाट्याने गिळून टाकेल.

मी रसायनशास्त्र घेऊन पदवी घेतली. आंबटपण सावरून धरणारे बफर शिकले, त्यावरची गणितं सोडवली. पण त्या गणितात समुद्र बसवून कुणी दाखवला नव्हता, आणि पुढे मीही कुणाला दाखवला नाही.

२४ ऑगस्ट

शाळेच्या जुन्या सामानातले पीएच कागद घेऊन सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेले. कागद हिरवट निळा झाला. ८. कालही ८, परवाही ८.

या कागदाने काही कळणार नाही हे मला आधीच कळायला हवं होतं. औद्योगिक युगाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सरासरी ८.२ च्या जवळ होता, आता ८.१ च्या खाली सरकतोय. ऐकायला दशांशाचा फरक. पण ही मोजपट्टी दहाच्या पटीची आहे, त्यामुळे ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे पाव हिस्सा वाढ. शिवाय मांडवीच्या खाडीत नुसत्या एका दिवसात, पहाटेपासून दुपारपर्यंत, शेवाळाच्या वायू घेण्या-सोडण्यानेच याहून मोठी चढउतार होत असेल. एखाद्या दिवसाच्या मापाला इथे काही अर्थ नाही. हवाई आणि बर्म्युडाजवळच्या खुल्या समुद्रात १९८८ पासून महिन्यामागून महिना जाऊन पाणी आणतात, तेव्हा कुठे ती उतरती रेघ स्पष्ट दिसते. सदतीस वर्षं. माझी नोकरीही तेवढीच.

कागद डब्यात ठेवले. थर्मामीटर मात्र चांगला आहे. सकाळी साडेसात, गुडघाभर पाणी: २६.५.

४ सप्टेंबर

पाच दिवसांचे गणपती गेले, गौरी गेल्या, मुंबईची मुलं परत गेली. माटवीचं सामान माळ्यावर टाकून निवांत बसले आणि झुरिचच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला नवा अभ्यास वाचला. २०२३ साली समुद्राचा पृष्ठभाग पूर्वी कधी नव्हता इतका तापला होता. त्या वर्षी समुद्राने अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के कमी कार्बन डायऑक्साइड घेतला, म्हणजे जवळपास १ अब्ज टन कमी.

मला धक्का बसला तो 'अपेक्षेपेक्षा' या शब्दाने. २०२३ एल निनोचं वर्ष. एल निनोत पूर्व प्रशांत महासागरात खालचं थंड, कार्बनने भरलेलं पाणी वर येणं मंदावतं, त्यामुळे तिथून हवेत जाणारा वायू कमी होतो आणि एकूण समुद्राचं घेणं उलट वाढतं. असं दर वेळी झालं होतं. या खेपेला उत्तर अटलांटिकसारख्या भागांतलं पाणी इतकं तापलं की तिथला विरघळलेला वायूच सुटू लागला आणि प्रशांतातली बचत त्यात गेली. गॅसवरचं माझं स्टीलचं भांडं.

हेही लिहून ठेवायला हवं की नुसत्या तापण्याच्या हिशेबाने याहून खूप जास्त वायू सुटायला हवा होता. तेवढा सुटला नाही. वरच्या थरातला कार्बन आधीच कमी झाला होता, आणि जीवांनी तो खाली नेणं चालूच ठेवलं होतं. समुद्र अजून सावरतोय. कुठपर्यंत, ते वाचून मला समजलं नाही.

१९ सप्टेंबर

आज तो भेटला, नळी न सोडणारा मुलगा. आता चाळिशीचा आहे, स्वतःची होडी आहे, देवळाजवळ जाळं दुरुस्त करत बसला होता. मी १९९८ च्या तासाची आठवण काढली. तो हसला. "माका नाय आठवत, बाई." माझ्या मनात सत्तावीस वर्षं राहिलेली गोष्ट त्याच्याकडे नव्हतीच. मी चुना, निवळी असं सांगू लागले तेव्हा म्हणाला, "आमच्या आज्याची भट्टी होती. खुबे, शिंपलां भाजूक."

म्हणजे चुना त्याच्याच घरातला. शिंपलं भाजलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना राहतो. भिंतीला लावलेला तो चुना पुढे वर्षानुवर्षं हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि दगड होतो. इथली जुनी घरं अशी उभी आहेत.

त्याला मी एक उलटी गोष्ट सांगितली, जी मलाही गेल्याच आठवड्यात कळली. शिंपलं बनतानासुद्धा कार्बन डायऑक्साइड सुटतो. प्राणी पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेतो, कार्बोनेटचं कवच घडवतो, आणि त्या देवघेवीत थोडा वायू पाण्यात मोकळा होतो. तेव्हा शिंपल्यांच्या राशी बघून 'कार्बन साठला' म्हणणं सोपं, पण हिशेब तसा सरळ नाही. मातीत, गाळात पुरलेला मऊ कार्बन, म्हणजे मेलेल्या जीवांचा आणि विष्ठेचा, तोच खरा खाली गेलेला.

मग तो बोलू लागला. या दिवसांत तळाच्या मासळीचं काही खरं नसतं. "तळाचा पाणी मेल्यासारखा असता, बाई. मासो थंय रवणा नाय."

हे त्याने पुस्तकातून घेतलेलं नाही, आणि ते अगदी बरोबर आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालचं पाणी वर सरकतं. ते थंड असतं, प्राणवायू जवळजवळ संपलेलं, आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेलं, कारण वरून पडलेलं सगळं तिथे कुजलेलं असतं. त्यावर पावसाच्या गोड पाण्याचं झाकण बसतं. गोव्यात कांदोळीसमोरच्या पाण्याची मापं १९९७ पासून घेत आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू संपून कधी हायड्रोजन सल्फाइडसुद्धा तयार होतो. सय्यद वाजीह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे जगापुढे मांडलं.

आणि मला सर्वांत जास्त हलवून गेलेली गोष्ट: अरबी समुद्र एकूण वर्षाच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड घेत नाही. देतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला पावसाळी वारा पृष्ठभागाचं पाणी ढकलून नेतो, खालचं जुनं पाणी उघडं पडतं आणि साठवलेला वायू हवेत सोडतं. १९९० च्या दशकात 'सागर कन्या' जहाजावरून आपल्या लोकांनी ऋतूमागून ऋतू मोजून हे दाखवलं. माणसाने सोडलेल्या कार्बनचं मोठं ओझं घेतो तो दक्षिण महासागर, अंटार्क्टिकाभोवतालचा. समुद्राच्या एकूण वाट्यातला सुमारे ४० टक्के एकटा तो उचलतो. वेंगुर्ल्याच्या धुराच्या चौथ्या हिश्शातलंही बरंचसं बहुधा तिकडे जातं.

निघताना त्याने विचारलं, असल्या आंबट पाण्याने कालवांचं काय होईल? मी ओरेगॉनची हकिकत सांगितली. अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास कालवांच्या बीजकेंद्रांत पिल्लं लाखांनी मरू लागली. रोग शोधून झाला, जंतू शोधून झाले. शेवटी कळलं की खालून वर आलेलं पाणीच इतकं आंबट असतं की पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लाला कवच धरता येत नाही. तिथले लोक आता पाणी मोजूनच आत घेतात.

"आमच्या खाडीतला कोण मोजता?" त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

४ ऑक्टोबर

उत्तरेकडे 'शक्ती' चक्रीवादळ. इथे नुसतं भरलेलं आभाळ आणि दांडगी लाट, होड्या वर ओढलेल्या. वादळ समुद्र ढवळतं, खालचं वर आणतं, त्याबरोबर अन्नद्रव्य येतं आणि कार्बनही येतो. वारा जोराचा असला की देवघेव वेगाने होते. पाणी मोजता आलं नाही.

१७ ऑक्टोबर. वसुबारस

जागतिक हवामान संघटनेचं पत्रक आलं. २०२४ मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं जागतिक सरासरी प्रमाण दहा लाखांत ४२३.९ भाग. एका वर्षात ३.५ भागांची वाढ, १९५७ मध्ये नियमित मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी. त्यातला काही भाग वणव्यांचा, आणि काही जमीन व समुद्र यांनी कमी उचलल्याचा.

वसुबारशीचं इथे वेगळं प्रस्थ नाही, तरी गाईला घास दिला. शेजारी भात कापणीला आलंय आणि पाऊस जायचं नाव घेत नाही.

९ नोव्हेंबर, पणजी

भाचीकडे आलेय. ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसाने आमच्याकडचं भात आडवं केलं, त्या विवंचनेतून चार दिवस सुटका.

सकाळी दोना पावलाला गेलो. टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दिसते. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ ला ती सुरू झाली. पण मला आज मिळालं ते तिच्या दारात नाही, भाचीच्या इमारतीतल्या तळमजल्यावर. तिथे एक निवृत्त गृहस्थ राहतात. जहाजावर तंत्रज्ञ होते. मी समुद्राच्या कार्बनबद्दल विचारते म्हटल्यावर त्यांनी चहा थंड होऊ दिला आणि दोन तास बोलले.

पाण्याचा नमुना बाटलीत भरला की त्यात आधी मर्क्युरिक क्लोराइडचा थेंब टाकतात. का? बाटलीतले जंतू जिवंत राहिले तर श्वास घेतील, आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कार्बनचा आकडा बदलेल. "पाणी पण जित्या माणसासारखा असता," ते म्हणाले. "मारल्याशिवाय मोजूक मेळना."

मग त्यांनी गाळ पकडणाऱ्या सापळ्यांची गोष्ट सांगितली. मोठं उलटं शंकूसारखं नरसाळं, खाली फिरत्या चाकावर बसवलेले पेले. ठरल्या दिवशी चाक एक घर पुढे सरकतं आणि पुढचा पेला नरसाळ्याखाली येतो. १९८६ पासून भारतीय आणि हॅम्बुर्गच्या जर्मन शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात असे सापळे एकेक किलोमीटर, तीन-तीन किलोमीटर खोल दोरावर टांगून ठेवले. महिनोन् महिने तिथेच. वर काढले की पेले ओळीने बघायचे. कोरड्या महिन्यांत तळाशी बोटभरसुद्धा काही नसायचं. जून ते सप्टेंबरचे पेले मात्र तपकिरी गाळाने भरलेले. पावसाळी वारा वर समुद्र ढवळतो आणि काही आठवड्यांत तीन हजार मीटर खालच्या अंधारात त्याची पावती पोहोचते. त्यांचा हात पेल्याच्या आकाराचा झाला होता सांगताना.

खाली पडणाऱ्या या चुऱ्याला सागरी हिम म्हणतात. हिम मी पाहिलेलं नाही. मला ते जात्याभोवती उडणाऱ्या पिठीसारखं वाटतं. वरच्या उजेडात सूक्ष्म वनस्पती कार्बन धरतात, साऱ्या पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास अर्धा भाग त्या करतात. त्यांना बारीक प्राणी खातात, त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या होतात, मेलेले चिकटतात, आणि सगळं मिळून खाली उतरू लागतं. वाटेत जंतू खातात, त्यामुळे खोल तळाशी पोहोचतो शंभरातला एखादाच भाग. जो जितका खोल जाऊन कुजेल त्याचा वायू तितक्या उशिरा वर येईल. शंभर मीटरवर कुजला तर पुढच्या हिवाळ्यात वर. तीन हजारांवर कुजला तर शेकडो वर्षांनी, कधी हजारानेही. पाणी गरम झालं की जंतूंचा खाण्याचा वेग वाढतो, म्हणजे चुरा वरच्या वरच संपतो. कार्बन खाली नेणाऱ्या या जैविक पंपाचा पाणी तापण्याशी संबंध इथे आहे, आणि मला तो आजवर इतका साधा करून कुणी सांगितला नव्हता.

जाता जाता मी लोहाफेक्सचं विचारलं. २००९ च्या सुरुवातीला गोव्याची संस्था आणि जर्मनांनी मिळून दक्षिण महासागरात केलेला प्रयोग. 'पोलारस्टर्न' जहाजातून एका भोवऱ्याच्या आतल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आधी १० टन लोहक्षार सोडला. तिथल्या पाण्यात बाकी सगळं आहे, लोह तेवढं नाही. लोह मिळालं की सूक्ष्म वनस्पती माजतील, मरतील, कार्बन घेऊन बुडतील, अशी अटकळ. नावातलं 'लोह' आपलंच. प्रयोगाआधी जर्मनीत विरोध झाला, परवानगी अडकली, मग सुटली. वनस्पती वाढल्याही, दोन आठवड्यांत दुप्पट. पण तिथल्या पाण्यात सिलिका आधीच संपली होती, म्हणून काचेच्या कवचाचे जड डायटम वाढू शकले नाहीत. वाढल्या त्या मऊ जाती. त्यांना कोपेपॉड नावाचे बारीक प्राणी खाऊ लागले, कोपेपॉडांना अँफिपॉड. बुडाला तो कार्बन नगण्य.

गृहस्थ स्वतः त्या सफरीत नव्हते, पण त्यांच्या बोलण्यात पराभव नव्हता. मलाही तो पराभव वाटत नाही. इतक्या मेहनतीने 'असं होत नाही' हे दाखवणं फार मोलाचं आहे. समुद्रात लोह टाकून हवा स्वच्छ करण्याच्या योजना आजही विकायला निघतात. त्यांच्यापुढे ठेवायला हा खरा हिशेब आपल्याकडे आहे.

१५ नोव्हेंबर, वेंगुर्ला

जगाच्या कार्बनचा वार्षिक ताळेबंद परवा प्रसिद्ध झाला. यंदा कोळसा, तेल, वायू, सिमेंट मिळून ३८.१ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. आणि त्यात एक वाक्य मी दोनदा वाचलं: १९६० पासून हवेत जी वाढ झाली तिच्यातला सुमारे ८ टक्के भाग, हवामान बदलामुळे जमीन आणि समुद्र यांचं घेणं कमकुवत झाल्यामुळे आहे.

८ टक्के थोडे की फार? मी दिवसभर हाच विचार करत आंब्याच्या कलमांखालचं रान काढलं. हा आकडा आपण जाळलेल्याचा नाही, आपण जाळल्यामुळे जे उचलायचं राहून गेलं त्याचा आहे. कारखाना बंद करून तो कमी करता येत नाही, आणि त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही. मला तो फार वाटतो.

२१ डिसेंबर

रात्री साडेदहाला होडीवाल्याचा फोन: "बाई, पाणी पेटलाहा. येतास?" स्वेटर चढवून गेले. लाट फुटली की निळी रेघ किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जायची. पाय टाकला की पावलाभोवती ठिणग्या. पर्यटक मुलं ओरडत होती, फोनवर काही नीट येत नव्हतं. तो पाण्यात हात घालून ओंजळ वर धरायचा आणि निळं थेंबथेंब गळू द्यायचा. लहानपणीही दिसायचं, पण कधीमधी, असं त्याचं म्हणणं.

ही नॉक्टिल्युका, चमकणारा सूक्ष्म जीव. सुंदर आहे, यात वाद नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमांचा बहर असायचा. थंड, कोरड्या ईशान्य वाऱ्याने वरचं पाणी गार होतं, जड होऊन बुडतं, खालचं अन्न वर येतं आणि बहर धरतो. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ही हिवाळी घुसळण उलगडून दाखवली. २००० च्या आसपासपासून मात्र तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड तवंग येऊ लागले. हेल्गा डो रोझारियो गोम्स, जोकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं तपासलं आहे. नॉक्टिल्युका स्वतः डायटम खाते, आणि तिच्या पोटात सूक्ष्म हिरवं शेवाळ राहतं तेही तिला अन्न पुरवतं. तिला खाणारे थोडे, मुख्यतः साल्प आणि जेलीफिश. बहर तोच, जागा तीच, पण कुणी कुणाला खायचं आणि खाली काय पडायचं, हे सारं बदललं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात साठ वर्षांत वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं. कारण तेच, वरचा थर तापला. दुधावर साय धरावी तसं गरम, हलकं पाणी वर बसतं आणि खालचं अन्न वर येऊ देत नाही.

त्याला मी हे सारं किनाऱ्यावर सांगितलं नाही. ती वेळ नव्हती. एवढंच म्हणाले की हिवाळ्यातलं हे पाणी पूर्वीपेक्षा गरम आहे का, हे मला जाणून घ्यायचंय, आणि गुडघाभर पाण्यात ते कळत नाही.

"माझ्याकडे देवा ता थर्मामीटर," तो म्हणाला.

२४ डिसेंबर

त्याला परवा समजावून दिलं. बादलीत पाणी घ्यायचं, सावलीत ठेवायचं, पारा थांबला की मगच वाचायचा, बुबुळ पाऱ्याच्या रेषेत. आठवीतल्यासारखं मी दोनदा करून घेतलं. त्याने तक्रार केली नाही.

आज पहाटे सव्वापाचला त्याचा संदेश आला. वारा उत्तरेचा, थंडी चांगली. बारा वाव पाणी. २७.९. खाली त्याने लिहिलं होतं: उद्या अठरा वावार जातंय, थंयचा पण घालतंय.

वहीत नवं पान आखलं. तारीख, वेळ, वाव, तापमान, वारा. शेवटचा रकाना त्याच्या शब्दांसाठी मोकळा ठेवला.